ओळंब्याला बोट लावू नये

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका आहे. फुटकी छत्री किंवा मोडकी खुर्ची आपली कहाणी सांगताना जशी गोड बोलते तसे मला जमणार नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्यांची वाकडी कामे बघत लोंबकळावे लागले, त्याच्या तोंडी साखर कुठून येणार?

तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. मी म्हणजे पितळेचा एक भोवऱ्यासारखा गोळा. माझ्या डोक्यातून दोरी जाते आणि दोरीवर एक लाकडी गुटका असतो. गुटका बरोबर माझ्याच जाडीचा. गवंडी गुटका भिंतीला वरती टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. मी भिंतीपासून लांब राहिलो किंवा तिच्यावर रेललो तर भिंत वाकडी. एवढेच माझे काम. यात भांडण्यासारखे काही नाही, असे तुम्हाला वाटेल. मलाही तरुणपणी असेच वाटायचे.

एका अरुंद गल्लीत, धातू कातायच्या लेथवर माझा जन्म झाला. लेथवाला म्हातारा कानाने अधू होता, पण त्याचा हात असा नेमका, की मला गुटक्याशेजारी ठेवून त्याने दोघांवरून नख फिरवले तर ते कुठे अडले नाही. तिथून मला थोरल्या मिस्त्रींनी नेले. काय सांगू त्यांच्याबद्दल! दर तीन थरांनी ते मला सोडायचे, दोन पावले मागे सरकायचे आणि मी पूर्ण थांबेपर्यंत गप्प उभे राहायचे. "हा कुणाची भीड ठेवत नाही," असे ते चारचौघांत माझ्याविषयी म्हणायचे. माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते तेवढेच, पण मला ते पुरले.

ते गेल्यावर मी त्यांच्या मुलाकडे आलो. पुढे ज्याला मिस्त्री म्हणणार आहे तो हाच. त्याचा हात बापापेक्षाही सफाईदार होता, हे मी खोटे बोलू शकत नाही म्हणून सांगतो. पण त्याला दारू लागली. आधी सुट्टीच्या दिवशी, मग काम सुटल्यावर, मग कामावर जाण्याआधी. सकाळी त्याचा हात असा थरथरायचा, की गुटका भिंतीला टेकवला तरी मी खाली झोके घेत राहायचो. माझी दोरी ज्याच्या मुठीत त्याचाच हात हलतो आहे म्हटल्यावर मी थांबणार कसा? आणि हा गृहस्थ काय म्हणायचा ठाऊक आहे? "ओळंबा बिघडलाय." अरे, मी पितळेचा गोळा. माझ्यात बिघडायला आहे काय?

एका संध्याकाळी घरात भांडण झाले आणि त्याने मला भिंतीवर फेकले. त्याच्या बायकोपासून हातभर अंतरावर मी आदळलो. माझ्या कुशीला पोचा आला आणि भिंतीला खड्डा पडला. तो खड्डा तिने कधी बुजवू दिला नाही. नंतर दोन वर्षे मी मोरीच्या जाळीवर पडून होतो, घुशी वर येऊ नयेत म्हणून. थोरल्या मिस्त्रींचा मी ओळंबा, आणि माझ्यावरून साबणाचे पाणी जात होते. त्या दोन वर्षांविषयी मी याहून जास्त बोलणार नाही.

मग मिस्त्री तीन महिने घरी नव्हता. व्यसन सोडवणाऱ्या एका केंद्रात होता, असे घरातल्या बोलण्यावरून मला कळले. परत आला तेव्हा गाल बसले होते, पण हात थांबला होता. बायकोने त्याला उंबऱ्यातच उभे करून एक गोष्ट सांगितली.

"पुन्हा प्यालात तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. पण खोटं बोललात, तर माझ्या आईला घेऊन धाकट्या भावाकडे जाईन. मला दारूचा नाही, खोट्याचा कंटाळा आलाय."

तो बरे म्हणाला. तसा तो पूर्वीही शंभरदा म्हणाला होता, म्हणून मी जाळीवरून फारसे लक्ष दिले नाही.

आठवड्यातून दोनदा तो एका छापखान्यामागच्या खोलीत जायला लागला. तिथे दारू सोडलेली माणसे खुर्च्या गोल मांडून बसायची आणि आपापले सांगायची. त्यांच्यात एक निवृत्त पोस्टमन होते. एकोणीस वर्षांत त्यांनी थेंब घेतला नव्हता. सगळे त्यांना काका म्हणत. एकदा ते घरी आले आणि मोरीशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी मिस्त्रीला विचारले, "रोज संध्याकाळी दिवस तपासतोस का?"

"बसतो काका. पण डोळे मिटले की मन कुठल्या कुठं जातं. नाहीतर डोळाच लागतो."

"भिंत सरळ आहे का ते कसं बघतोस?"

"ओळंबा लावून."

"एकदाच?"

"एकदाच कसं चालेल? दर तीन थरांनी बघावं लागतं. न बघता चढवली तर वर गेल्यावर कळतं, मग पाडण्याशिवाय इलाज नाही."

"आणि ओळंबा सरळ कसा होतो? तू करतोस?"

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. "मी फक्त हात काढतो. खालून ओढ असते, ती त्याला थांबवते."

"मग घरीही तेवढंच कर. दाराला टांग, एक झोका दे, हात काढ. तो थांबेपर्यंत आज कुठं कुठं वाकडा गेलास ते देवाला सांग. सरळ करायचं काम त्याचं. तुझं काम हात काढायचं."

मी सरळ कसा राहतो हे इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. खरे तर माझी त्यात काहीच हुशारी नाही. मी नुसता सुटतो आणि कोणीतरी मला खाली धरून ठेवतो. त्याला मी कधी पाहिलेले नाही. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात त्या ओढीला लांबलचक नाव आहे म्हणे. मिस्त्रीने आपल्यापुरते त्याला देव म्हणायचे ठरवले आणि मला जाळीवरून उचलून चिंचेने घासले.

तर मित्रांनो, इथून माझी खरी कटकट सुरू झाली.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला वर खिळा ठोकला गेला. रोज दिवेलागणीला मी तिथे टांगला जाऊ लागलो. वाऱ्याने मी हलतो म्हणून पंखा बंद करावा लागे, आणि पंखा बंद झाला की मिस्त्रीच्या सासूबाईंचा जीव कासावीस होई. त्या पदराने वारा घेत म्हणायच्या, "जावईबापू, तुमच्या देवाला वाऱ्याचं एवढं वावडं का?" शिवाय मी दारात लोंबत असल्यामुळे कोणाला आत-बाहेर जाता येत नसे. एकदा सासूबाई विसरून निघाल्या आणि मी त्यांच्या कपाळावर बसलो. दोष अर्थातच माझ्यावर आला.

तेही मी सोसले असते. पण मिस्त्रीचे ते तपासणे ऐकाल तर कपाळावर हात माराल. मला झोका देऊन तो पाटावर बसायचा आणि सुरू करायचा, "देवा, आज मुकादम विनाकारण ओरडला. देवा, विटा कच्च्या पाठवल्या होत्या. देवा, शेजारच्याने पुन्हा सायकल आडवी लावली." मुकादम, वीटवाला, शेजारी, बसचा कंडक्टर, सगळ्यांच्या पापांचा पाढा वाचून व्हायचा. मी झोके घेता घेता वाट बघायचो, की आता स्वतःचे नाव घेईल, मग घेईल. शेवटी सुस्कारा टाकून तो म्हणायचा, "बाकी माझं ठीक आहे." आणि उठायच्या घाईत मी अजून हलत असताना बोट लावून मला थांबवायचा.

ओळंब्याला बोट लावून थांबवणे म्हणजे काय, हे गवंड्याला सांगावे लागते का? बोट लावलेला ओळंबा तुम्हाला हवे तिथे थांबतो. भिंतीवर असे कोणी केले असते तर याच मिस्त्रीने त्याला हाकलून दिले असते. काकांना हे कसे कळले कोण जाणे, पण त्यांनी एकदा विचारले, "घाई कसली असते रे तुला?" त्यानंतर चार दिवस बोट लागले नाही. पाचव्या दिवशी पुन्हा लागले. मनातल्या मनात ओरडून माझी दोरी झिजली.

तरी खरे ते सांगितले पाहिजे. मधूनमधून एखादी संध्याकाळ बरी जायची. एकदा तो म्हणाला, "देवा, आज सासूबाईंवर डाफरलो. त्यांची चूक नव्हती, मला भूक लागली होती." आणि लगेच उठून, मला चुकवून, आत जाऊन त्यांची माफी मागून आला. सासूबाई इतक्या गोंधळल्या की त्या दिवशी पंख्याविषयी काही बोलल्या नाहीत. अशा दिवशी मी जरा लवकर थांबत असेन, असे मला उगाच वाटे.

असे करता करता वर्ष झाले. छापखान्यामागच्या खोलीत सगळ्यांनी उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तो छाती काढूनच. काम होते मुलांच्या वाचनालयाचे. ज्या भिंतीला पुस्तकांची कपाटे लागायची आणि जिच्याखाली तुमच्यासारखी मुले बसून वाचायची, ती भिंत त्याच्याकडे होती. खालचे थर आधीच झाले होते. त्याने त्या थरांना लांब पट्टी लावली, पट्टीच्या रेषेत पुढच्या विटा चढवत गेला आणि मला पिशवीतच ठेवले.

मित्रांनो, ही चूक फक्त चांगला गवंडी करतो. शिकाऊ माणूस घाबरून मला सोडतो. चांगला म्हणतो, काल सरळ होते ना, मग त्याच रेषेत जाऊ. कालच्या थरात केसाएवढा बाक असेल तर पट्टी तोच बाक वर नेते. मी पिशवीत सुतळी आणि डब्याच्या मध्ये पडून चरफडत होतो. दोन दिवस कोणी मला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी भिंत डोक्याच्या वर गेली आणि कसल्याशा शंकेने त्याने मला बाहेर काढले. गुटका टेकवला, मला सोडले. मी थांबलो तेव्हा माझ्यात आणि भिंतीत दोन बोटांची फट होती. माथा पुढे आलेला.  मग त्याने इकडेतिकडे पाहिले, दोरी गुंडाळली आणि मला खिशात घातले. मागून मुकादम आला आणि म्हणाला, "काय मिस्त्री, ओळंब्यात आहे ना?"

"एकदम," मिस्त्री म्हणाला. "उद्या गिलाव्याला घ्या."

मी खिशात होतो. मला तोंड असते तर तिथेच ओरडलो असतो.

त्या संध्याकाळी मला झोका मिळाला आणि देवाला शेजाऱ्याच्या सायकलीची सविस्तर हकिकत मिळाली. भिंतीचा उल्लेख नाही. पुढे पावसाची सर आली आणि गिलावा दोन दिवस लांबला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच, आणि बोट नेहमीपेक्षा लवकर लागले. तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो नेहमीच्या रस्त्याने निघालाच नाही. वर्षभर टाळलेल्या रस्त्याने गेला, आणि पिशवीतून मला कळले की तो थांबला आहे. पुढे बाटल्यांचा आवाज येत होता. तो आत गेला नाही. पण किती वेळ उभा होता हे मला विचारू नका. मला तो वेळ मोरीवरच्या दोन वर्षांपेक्षा मोठा वाटला.

घरी येऊन त्याने पंखा बंद केला, मला टांगले, झोका दिला. "देवा, आज मुकादम," एवढे म्हणून तो थांबला.  मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. झोके लहान होत गेले. बोट पुढे आले आणि मागे गेले. मी थांबलो. तो माझ्याकडे बघत नुसता बसून राहिला.

बोलणे ऐकू येईना म्हणून बायको आतून दारापर्यंत आली. मी दोघांच्या मध्ये लोंबत होतो.

"काय झालं?"

"काही नाही."

झाले. संपले, असे मी मनात म्हटले. धाकट्या भावाच्या घरी मला कोणी नेणार नाही, मी पुन्हा जाळीवर. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "काही नाही म्हणालो ना, ते खोटं होतं."

मग त्याने सगळे सांगितले. वर बघून नाही, खाली फरशीकडे बघत. भिंत, पट्टी, मुकादमाला मारलेली थाप, तो रस्ता, ते दुकान. बायकोने गॅस बंद केला. माझ्याखालून वाकून ती बाहेर आली, त्याच्या अगदी तोंडाजवळ गेली आणि तिने सरळ वास घेतला. तो हलला नाही.

"किती बाहेर आहे?" तिने विचारले.

"दोन बोटं."

"कुणी बघितलंय?"

"नाही. गिलाव्यात दडपली असती."

"मला सांगून काय उपयोग? मी काय मुकादम आहे?" ती म्हणाली. "उद्या सांगून या. आमचं सामान बांधायचं की नाही ते मग बघू."

सकाळी निघण्याआधी तो रिकाम्या खिळ्यासमोर उभा राहिला. "देवा, माझ्याच्यानं होणार नाही हे," तो हळूच म्हणाला. "पाय तिथपर्यंत नेतो. पुढचं तू वदवून घे." एवढी लहान प्रार्थना मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि तिच्यात शेजारी नव्हता.

मुकादमासमोर त्याने मला भिंतीवर सोडले. दोन बोटे. मुकादमाने फटीत बोटे घालून पाहिली आणि मग तो जो चिडला तो भिंतीवर नाही, मिस्त्रीवरही नाही, सांगण्यावर चिडला. "अरे, गप्प बसला असतास तर गिलाव्यात गेलं असतं की! आता मला कळलं. आता पाडल्याशिवाय मला झोप लागणार आहे का?"

"मीच पाडतो."

"तूच पाडशील, दुसरं कोण? आणि पुढच्या कामाला तुला बोलवीन की नाही, मला माहीत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

दिवसभर तो भिंत उतरवत होता, विटांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडून त्या एकावर एक रचत होता. खालचे पाच थर राहिले, तेव्हा त्याने मला सोडून बघितले. त्यातला चौथा केसभर पुढे होता. तिथूनच सगळे बिघडले होते. त्याने तो आणि त्याच्यावरचाही काढला.

संध्याकाळी घरी आला तो धुळीने पांढरा झालेला. "सांगितलं," एवढेच बोलला, पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले. आज तपासणी बुडणार, हे उघड होते. माझा संताप झाला. एवढे सगळे घडले त्याच दिवशी सुट्टी घेतो हा माणूस!

तेवढ्यात बायकोने पिशवीत हात घालून मला काढले. स्टुलावर चढून मला खिळ्याला अडकवले. पंखा बंद केला. सासूबाईंनी तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले आणि मिटले. तिने मला झोका दिला, नको इतक्या जोरात, कारण तिला सवय नव्हती, आणि ती पाटावर बसली.

"देवा," ती म्हणाली. "मी रोज यांच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेते. वर्ष झालं. यांना ठाऊक नाही. वास आला नाही की मला बरं वाटायला पाहिजे, पण मला राग येतो. आज नाही तर उद्या येईल, म्हणून मी वाटच बघत असते. आज सकाळी हे गेल्यावर मी पेटी काढून ठेवली होती. अर्धी भरली पण होती."

मिस्त्रीचे डोळे मिटलेले होते. पण तो झोपलेला नव्हता, हे मला वरून दिसत होते. तो उठला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिच्याजवळ आणून ठेवली आणि बाजूला फरशीवर बसला.

"रोज घेत जा वास," तो म्हणाला. "मी राग धरणार नाही."

"राग येईल तुम्हाला."

"आला तर इथं बसून सांगेन."

 दोघे माझ्याकडे बघत बसले. माझा झोका जोरदार होता, त्यामुळे मला फार वेळ लागत होता, आणि आत सासूबाई पदराने जोरजोरात वारा घेत होत्या. मिस्त्रीचा हात एकदा सवयीने वर आला. तिने तो धरला आणि खाली आपल्या हातात ठेवला.

मित्रांनो, सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मिस्त्रीने पुन्हा मुकादमापासून सुरुवात केली आणि मला पुन्हा दोरी ताणून ऐकावे लागले. हे काम एकदा करून संपत नाही, हेच माझे रोजचे रडगाणे आहे. पण तुमच्या घरात कोणी असे संध्याकाळी गप्प बसून स्वतःला तपासत असेल, तर तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. आणि तुम्ही स्वतः कधी बसलात, तर माझी एकच विनंती आहे. मला सोडा आणि वाट बघा. थांबवणारा मला थांबवतो, जरा उशीर होतो इतकेच. बोट तेवढे लावू नका.